सामान्य वापरात दोष आढळला नाही

सोमवार, ४

जे झालं ते आधी क्रमाने लिहून ठेवते. मत नंतर.

१. गेल्या गुरुवारी दुपारी हृदयरोग विभागात ताईची ड्यूटी होती. बारा खाटा, दोन सिस्टर. दुसरी सिस्टर औषधं आणायला खाली गेली होती.

२. सिस्टरांच्या टेबलावर एक मोठा स्क्रीन असतो. प्रत्येक खाटेवरच्या माणसाची नाडी आणि ऑक्सिजन त्यावर दिसतो. काही बिघडलं तर तो लाल होतो आणि वाजतो.

३. सहा नंबरला एक निवृत्त टायपिंग मास्तर होते. स्वतंत्र खोली, दार लोटलेलं. त्यांच्या उशाशी असलेल्या यंत्राचा आवाज बारीक केला होता. झोप लागावी म्हणून तिथे सगळ्यांचाच करतात, कारण बाहेरचा स्क्रीन वाजतोच.

४. मास्तरांचा ऑक्सिजन उतरत गेला. स्क्रीनवर तो अठ्ठ्याण्णवच राहिला. स्क्रीन वाजला नाही.

५. ताई फेरीला आत गेली तेव्हा मास्तर निळे पडले होते. ते वाचले. वाचा गेली.

६. त्या गडबडीत कुणीतरी स्क्रीनचा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो व्यवस्थित सुरू झाला.

७. ताई म्हणते स्क्रीन हँग झाला होता. तो विकणारी कंपनी म्हणते, आमचा स्क्रीन हँग होत नाही. चौकशी समिती बसली आहे. तोवर ताई घरी. भावोजी कामानिमित्त परगावी असतात, म्हणून ती आमच्याकडे आली आहे.

८. स्क्रीनवर नाव विकणाऱ्या कंपनीचं असलं तरी आतलं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. हे ताईला माहीत नाही. ती माझी बहीण आहे हे ऑफिसात माहीत नाही. तिचं आडनाव सासरचं.

आज ही तक्रार माझ्या टेबलावर आली. आमच्या मॅनेजरना सगळे होईलसाहेब म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं तिथे जाऊन थांबतं. "हॉस्पिटलवाल्यांचं काहीतरी आहे, बघून घे. दोष नाही असंच निघेल. दोन दिवसांत होईल."

मी "बघते" म्हटलं. ती सिस्टर माझी बहीण आहे हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्या कुणाला गेलं असतं, आणि त्याने दोन दिवसांत "दोष नाही" लिहून टाकलं असतं. म्हणून बोलले नाही. हे कारण मला पटतं. लिहून बघितल्यावरही पटतं.

मंगळवार, ५

माझा संशय मेमरी लीकवर आहे. प्रोग्राम चालताना मेमरी घेतो आणि काम झालं की सोडतो. एखादी गोष्ट सोडायची राहून गेली तर ती आत साचत जाते. एकदोन गोष्टींनी काही होत नाही. पण साचून साचून जागा संपत आली की प्रोग्राम सगळा वेळ जागा शोधण्यातच घालवतो, आणि स्क्रीन शेवटच्या आकड्यांवर थिजतो. बंद पडत नाही, चूक दाखवत नाही. चांगला दिसतो. ताईने सांगितलं ते हुबेहूब असंच आहे. आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की मेमरी रिकामी, पुरावाही गेला.

म्हणजे तो दोष मला इथे पुन्हा घडवावा लागणार.

टेस्ट रूममध्ये बारा खोटे रुग्ण चालू केले. खोटी नाडी, खोटा ऑक्सिजन. आमच्या टेस्टिंगवाल्याला शंकासूर म्हणतात. त्याने बाराही जणांना नोकरी सोडून गेलेल्या लोकांची नावं दिली आहेत. "चार नंबरला जप हं," तो म्हणाला. "पगारवाढ न मिळता गेलेला जीव आहे."

शुक्रवार, ८

काही नाही.

मेमरीचा ग्राफ पाहण्याचं साधन लावून ठेवलं. रेघ थोडी वर जाते, साफसफाई होते, पुन्हा तिथेच येते. पाळण्यासारखी. मग स्नॅपशॉट घेतले. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय आहे आणि कुणी कुणाला धरून ठेवलंय याचा पूर्ण पंचनामा. सकाळी एक घ्यायचा, संध्याकाळी एक, आणि दोन्ही शेजारी ठेवून संध्याकाळच्यात जास्तीचं काय आहे ते बघायचं. जास्तीचं काही नाही. मग साधन बदललं. त्याने प्रोग्राम इतका मंदावला की खोट्या रुग्णांची नाडीच तुटक यायला लागली, पण हिशेब तोच.

"प्रोग्राम निर्दोष आहे बुवा," शंकासूर म्हणाला. "सोडून दे गरिबाला."

घरी ताईने तिसऱ्यांदा माझं कपाट लावलं. मला काही सापडत नाही. आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "तिला जरा बोलतं कर गं. दिवसभर नुसती घड्या घालतेय."

"मला ते जमत नाही, आई."

"माहितेय. तरी कर."

रविवार, १०

जमलं. आज बरंच बोलली. इथे सगळं लिहिते, कारण कामाचं आहे.

सकाळी तिला मास्तरांच्या बायकोचा फोन आला. ताई पाठ करून उभी होती. "हो काकू. हो. नाही, मला परवानगी नाहीये यायची." फोन ठेवल्यावर बराच वेळ नळ उघडा ठेवून हात धूत राहिली.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"म्हणाल्या, तू वेळेवर जेवतेस ना? त्यांच्या नवऱ्याला बोलता येत नाही, आणि मला विचारतायत जेवतेस ना."

मी तिला चहा दिला आणि विचारलं, हा स्क्रीन याआधी कधी हँग झाला होता का?

"दोनदा तरी. दोन्ही वेळा माझ्याच ड्यूटीला. सगळ्या चिडवतात मला. म्हणतात, बाई, तुझा पायगुणच असा, तू आलीस की मशीन रुसतं." ती जरा हसली. "मोठ्या सिस्टर तर म्हणायच्या, हिला त्या स्क्रीनपासून हातभर लांब बसवा."

तिच्याच ड्यूटीला. मी कप खाली ठेवला. "तू त्या स्क्रीनवर काय करतेस? म्हणजे बसल्यापासून, एकेक करून सांग."

"काय करते म्हणजे? बघते."

"कसं बघतेस?"

तिने टेबलावरचे चमचे ओळीने मांडले. हा एक नंबर, हा दोन नंबर. मग प्रत्येक चमच्यावर बोट ठेवून दाखवलं. बाकीच्या सिस्टर मोठ्या स्क्रीनवरचे आकडे पाहतात. ताई प्रत्येक खाटेवर क्लिक करते, त्या माणसाची वेगळी विंडो उघडते, त्यात त्याच्या नाडीची लाट पाहते, विंडो बंद करते, पुढच्या खाटेवर जाते. बारा झाल्या की एक चक्कर मारून येते आणि परत पहिल्यापासून.

"आकड्यावर काय जायचं?" ती म्हणाली. "बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा सरकला तरी आकडा येतोच काहीतरी. लाट बघितली की माणूस कळतो. सहा नंबरच्या मास्तरांची तर बोटं सारखी चादरीवर चालायची, टाइप केल्यासारखी. त्याने चिमटा निघायचा. म्हणून त्यांची तर मी दोनदा उघडायचे."

"दर फेरीला?"

"दर फेरीला."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी जास्तच. दुसरी खाली गेली होती ना." मग ती चमचे गोळा करता करता म्हणाली, "तुला सांगू? पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारतंय. समितीने विचारलं, तुम्ही कुठे होतात. तू विचारतेयस, मी काय करत होते."

मी म्हटलं, मला फक्त क्रम समजून घ्यायचा होता.

आमच्या टेस्टमध्ये विंडो कुणीच उघडत नाही. खोटे रुग्ण चालू करून सगळे जेवायला जातात.

सोमवार, ११

सापडलं.

ताईसारखी फेरी मारणारा छोटा प्रोग्राम लिहिला. उघड, थांब, बंद कर, पुढची. सहा नंबर दोनदा. ग्राफ पाळणा सोडून जिना चढायला लागला. साफसफाई व्हायची, पण रेघ पहिल्या जागी यायची नाही. प्रत्येक फेरीला एक पायरी वर.

दोन स्नॅपशॉट शेजारी ठेवले. जास्तीचं काय, तर विंडो. बंद केलेल्या विंडो, सगळ्याच्या सगळ्या. त्यांना कोण धरून ठेवतंय ते मागे मागे शोधत गेले. नाडीचे आकडे वाटणारा एक भाग आहे. विंडो उघडली की त्याच्या यादीत तिचं नाव चढतं. बंद केली की ती स्क्रीनवरून जाते, पण यादीतलं नाव खोडायचं राहिलंय. त्यामुळे तिला आकडे पोचतच राहतात आणि मेमरी तिला सोडू शकत नाही. मास्तरांच्या कितीतरी बंद विंडो आत बसून त्यांची नाडी ऐकत असतील.

म्हणजे जी सिस्टर जितकी जास्त काळजीने बघेल तितका स्क्रीन लवकर हँग होणार. नुसती बसून राहील तिच्या ड्यूटीला कधीच नाही.

दुपारी स्क्रीन थिजला. मग मी खोट्या सहा नंबरचा ऑक्सिजन उतरवत नेला. स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव. नाडी बंद केली. अठ्ठ्याण्णव. शंकासूर खुर्चीवरून उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याने विनोद केला नाही.

मंगळवार, १२

रिपोर्ट लिहिला. चांगला झालाय.

आमच्या रिपोर्टची रीत ठरलेली असते. पहिला भाग, दोष कसा घडवायचा. वापरणारा काय करतो ते पायरी पायरीने लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला तो आपल्या टेबलावर घडवता येतो. दुसरा भाग, तुलना. कशाने घडत नाही. तिसरा भाग, कारण आणि कोडमधली जागा.

मी लिहिलं: "वापरणाऱ्याने प्रत्येक फेरीत प्रत्येक खाटेची विंडो उघडून बंद केली असता, आणि काही खाटांची एकाहून अधिक वेळा, स्क्रीन थिजतो. ही पद्धत एका सिस्टरच्या सांगण्यावरून घेतली आहे. सामान्य वापरात दोष आढळला नाही." 'सामान्य वापर' हे आमच्या टेस्टच्या पहिल्या प्रकाराचं नाव आहे, खोटे रुग्ण चालू करून सोडून देणे. मग कारण लिहिलं. यादी, न खोडलेलं नाव, फाइल, ओळ.

साहेबांनी मला समोर बसवून वाचला. "म्हणजे क्लिक सिस्टर करते?"

"हो."

"आपोआप नाही होत?"

"नाही. विंडो उघडावीच लागते."

"आणि बाकीच्या सिस्टर उघडत नाहीत."

"इतक्या नाही."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दोनदा विचारून खात्री केली. इतक्या तपशिलात ते कधी जात नाहीत. बरं वाटलं. "झकास काम केलंस," म्हणाले. "पहिला भाग बाहेरच्या माणसालाही कळेल असा आहे. होईल, सगळं होईल."

शुक्रवार, १५

दुरुस्ती एका ओळीची निघाली. विंडो बंद होताना यादीतून नाव काढायचं. ताईची फेरी पुन्हा चालवली, पाळणा परत आला. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत जाईल, 'किरकोळ सुधारणा' या सदरात.

साहेबांना विचारलं, रिपोर्ट समितीकडे गेला का?

"गेला की. तुझेच शब्द. एक अक्षर बदललं नाही."

मंगळवारी सुनावणी आहे. ताईला अजून काही सांगितलं नाही. निकाल लागल्यावर सांगेन. तोवर तिला माहीत नसणंच ठीक, नाहीतर समितीपुढे चुकून बोलून जाईल. आज ती कपाटाकडे गेली नाही. युनिफॉर्म धुऊन वाळत घातला.

मंगळवार, १९

ताई चारच्या सुमाराला आली. चपला न काढता आत आली आणि खुर्चीत बसली. आई पाणी घेऊन आली, ते तिने घेतलं नाही. माझ्याकडे पाहत होती.

"कंपनीचं पत्र वाचून दाखवलं," ती म्हणाली. "वापरणाऱ्याने प्रत्येक फेरीत प्रत्येक खाटेची विंडो उघडून बंद केली असता, आणि काही खाटांची एकाहून अधिक वेळा, स्क्रीन थिजतो. सामान्य वापरात दोष आढळला नाही." तिने ते पाठ केल्यासारखं म्हटलं. "अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही दर फेरीला सगळ्यांची विंडो उघडता का? मी म्हटलं हो. काही खाटांची दोनदा? मी म्हटलं हो. म्हणजे तुमच्या हाताळण्यामुळे यंत्र बंद पडलं, आणि ते बंद पडलंय हेही तुमच्या लक्षात आलं नाही."

"पुढचं वाचलं नाही?" मी विचारलं. "कारण? यादीचं?"

तिथे मी थांबायला हवं होतं.

"कसली यादी?" ताई म्हणाली. आणि मग, "मास्तरांची दोनदा उघडते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोठ्या सिस्टरनाही नाही. ह्या टेबलावर सांगितलं होतं. चमचे मांडून."

मी सगळं सांगितलं. कंपनी, तक्रार, ग्राफ, जिना, दुरुस्ती. क्रमाने. मला वाटलं क्रमाने ऐकल्यावर तिला दिसेल की दोष तिचा नाहीच. उलट ती नीट काम करत होती म्हणूनच तो घडला. हे मी दोनदा सांगितलं.

"मी बोलत होते तेव्हा तू बहीण म्हणून ऐकत होतीस ना?"

"दोन्ही म्हणून," मी म्हटलं. ते खरं आहे.

"मग एकदा तोंड उघडून सांगायचं ना, गं बये, की मी दोघींशी बोलतेय!"

आई म्हणाली, "अगं, तिने मुद्दाम थोडंच..." ताईने हात वर केला. ताईने बॅग भरली. वाळत घातलेला युनिफॉर्म नेला नाही.

बुधवार, २०

साहेबांना सांगितलं की समितीला पूर्ण रिपोर्ट जायला हवा. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बघ, कारण-बिरण हे आपलं अंतर्गत असतं. तूही सही केलीयस त्या कागदावर, बाहेर बोलायचं नाही म्हणून. आपण खोटं काही लिहिलंय का? एक तरी शब्द दाखव."

दाखवता आला नाही. सगळे माझेच आहेत, आणि एकेक तपासला तर खरा आहे.

मग मी म्हटलं, "ती सिस्टर माझी सख्खी बहीण आहे."

"आणि हे तू आज सांगतेयस?" मग आवाज उतरवून म्हणाले, "ऐक. मी वाईट माणूस नाही. पण आता तर तू अजिबात पुढे येऊ नकोस. तू उभी राहिलीस की ते म्हणणार, बहिणीला वाचवायला रिपोर्ट बनवला. तुझा खरा रिपोर्टही खोटा ठरेल." या वेळी त्यांनी 'होईल' म्हटलं नाही.

टेस्ट रूममध्ये जाऊन बसले. ग्राफ सपाट होता. शंकासुराने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "स्नॅपशॉटमध्ये पण काही दिसत नव्हतं पहिले चार दिवस." पण पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शनिवार, २३

आई ताईकडे जाऊन आली. समितीने ताईपुढे कागद ठेवला आहे. 'लक्ष देण्यात कसूर झाली' असं मान्य करून सही केली तर वॉर्डमधून काढून स्टोअरला बदली. चादरी आणि गाऊन मोजायचे. सही नाही केली तर प्रकरण नोंदणी रद्द करण्यासाठी वर जाणार. गुरुवारपर्यंत मुदत.

"सही करते म्हणतेय," आई म्हणाली. "म्हणते, चादरींना लाट नसते, बरंय." आईला याचा अर्थ कळला नव्हता. मी सांगितला. तेव्हा ती रडली.

ताईला तीनदा फोन केला. उचलला नाही. मास्तरांच्या बायकोचा मात्र उचलते, आईने सांगितलं. मास्तर हल्ली हवं नको ते चादरीवर बोटांनी टाइप करून सांगतात. काकूंना टायपिंग येत नाही.

मला या सगळ्यात करण्यासारखं एकच दिसतं, आणि तेही माझ्या एकटीच्या हातात नाही.

रविवार, २४

ताईला चिठ्ठी लिहिली. आई उद्या सकाळी नेऊन देणार आहे. तिचीच ही नक्कल.

ताई,

समितीपुढे येऊन पूर्ण रिपोर्ट सांगायची माझी तयारी आहे. स्क्रीन कशाने थिजला, दोष कुठल्या ओळीत होता आणि तो आम्ही कधी दुरुस्त केला, सगळं. नोकरी जाईल. ते माझं मी बघेन.

उपयोग होईलच असं सांगू शकत नाही. मी बहीण आहे म्हणून ते कदाचित ऐकणार नाहीत. तुझं आणखी नुकसानही होऊ शकेल, कारण तू सही केली नाहीस तर मागे फिरता येणार नाही.

ते पहिला प्रश्न विचारतील, फेरीची ही पद्धत तुम्हाला कुणी सांगितली. त्याचं उत्तर देताना मला तुझं नाव घ्यावं लागेल, आणि त्या रविवारी तू टेबलावर जे बोललीस ते सगळं सांगावं लागेल. मास्तरांच्या बोटांचंसुद्धा. मागच्या वेळी मी ते न विचारता वापरलं. या वेळी विचारते आहे.

तू नाही म्हणालीस तर मी येणार नाही, आणि का नाही ते विचारणार नाही.

युनिफॉर्म इस्त्री करून आईबरोबर पाठवला आहे.

गुरुवारी मुदत संपते. हो किंवा नाही, एवढंच, बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव.